पहिल्या नोकरीचं पहिलं वर्ष : चाकण-भोसरी-रांजणगावच्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
पुणे परिसरातील कारखानदार, त्यांच्या संघटना आणि मनुष्यबळ विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी एका तंत्रनिकेतनात ट्रेनिंग अँड प्लेसमेंटचं काम बघतो. मे-जून जवळ आला की तुमच्या एचआरच्या मंडळींना फोन लावायचे, मेलचा पाठपुरावा करायचा, "यंदा रिक्वायरमेंट नाही सर" हे ऐकून घ्यायचं आणि वर्गात जाऊन पोरांना "येतील, येतील" म्हणायचं, हा माझा धंदा. तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. म्हणूनच हे पत्र एकेकाला न धाडता सगळ्यांना मिळून लिहितोय. राग कुणा एका कंपनीवर नाही. जो रिवाज आता सगळीकडे पडून गेलाय, त्यावर आहे.

आमच्या ग्रुपवर आलेली एक जाहिरात जशीच्या तशी देतो. "डिप्लोमा मेकॅनिकल. फ्रेशर चालेल. व्हीएमसी ऑपरेटिंग व सेटिंगचा 1 ते 2 वर्षं अनुभव आवश्यक. फक्त 2025 पासआउट. फक्त मुलं. 12 तास ड्यूटी." (व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या हुकमानं धातू कापणारं मशीन.) यात हसण्यासारखं खूप आहे. 2025 ला पास झालेल्या पोराला दोन वर्षांचा अनुभव हवा असेल, तर त्यानं पहिलं वर्ष संपताच कॉलेजला रामराम ठोकून मशीनवर उभं राहायला हवं होतं, आणि मग तो पासआउट झालाच नसता. पण वर्गात कुणी हसलं नाही. चाळीस-पन्नास जणांनी बायोडेटा पाठवले. त्यातल्या काहींनी अनुभवाच्या रकान्यात काहीतरी लिहून टाकलं. ते "काहीतरी" कुठून येतं हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट पैसे मोजून मिळतं. पोरगं एक दिवसही शॉपफ्लोअरवर न जाता कागदावर अनुभवी होतं. तुम्ही खोटा अनुभव मागता, म्हणून बाजारात खोटा अनुभव विकायला येतो.

माझं म्हणणं एकच आहे. नव्या माणसाला कामाचं शिकवायला एक वर्ष लागतं. त्या वर्षाचा खर्च कुणीतरी करावाच लागतो. पूर्वी तो कारखाना करायचा. आता तुम्ही तो अंगाबाहेर टाकलाय, आणि तो उचलतंय पोराचं घर, नाहीतर सरकार.

खर्च खराच असतो, हे मी नाकारत नाही. नवा पोरगा मशीनवर उभा राहिला की पहिले काही आठवडे इन्सर्ट (टूलची कापणारी धार) फुटतात, जॉब म्हणजे बनवायचा भाग स्क्रॅप होतो, झेडचा ऑफसेट (टूलच्या उंचीचं माप) चुकीचा भरला की टूल थेट जॉब पकडणाऱ्या व्हाइसवर जाऊन आदळतं. सुपरवायझरला त्याच्या डोक्यावर उभं राहावं लागतं आणि त्याचं स्वतःचं टार्गेट बोंबलतं. मायक्रोमीटर हातात धरायला लागल्यापासून त्यावरचं माप विश्वासानं सांगेपर्यंत महिना-दोन महिने जातात. कॉलेजात आम्ही हे शिकवतो असं म्हणतो खरं, पण एका बॅचमध्ये वीस पोरं आणि चालू मशीन एक, तेही मेंटेनन्सचे पैसे मंजूर झाले तर. आमच्याकडच्या त्रुटींची यादी मी तुमच्याइतकीच लांब देऊ शकतो. पण जगात कुठल्याही कॉलेजातून तयार ऑपरेटर बाहेर पडत नाही. तो कारखान्यातच तयार होतो.

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना टाकला, तेव्हा आजूबाजूला निवडुंग आणि साप होते. लोखंडी नांगर बनवायचा दोन वर्षांचा अनुभव असलेला माणूस त्या माळावर त्यांना मिळाला असता का? जी माणसं हाताशी आली, त्यांना त्यांनी शिकवलं. पुढे पिंपरीत टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) ॲप्रेंटिस स्कूलमधून बाहेर पडलेला पोरगा या पट्ट्यात कुठेही गेला तरी त्याला वेगळा मान होता. भोसरीत आज स्वतःचं वर्कशॉप चालवणाऱ्या कितीतरी जणांनी फाइल म्हणजे कानस धरायला तिथंच शिकलं. तुमच्यातलेही काही जण त्याच रांगेतले आहेत. त्या वेळी तुम्हाला कुणी अनुभवाचं सर्टिफिकेट मागितलं होतं का, हे एकदा आठवून बघा.

आता काय होतं ते सांगतो. माझा एक विद्यार्थी, मराठवाड्यातला, घरी तीन एकर कोरडवाहू. पास झाल्यावर चाकणजवळच्या एका कारखान्यात लागला. लागला म्हणजे ठेकेदाराच्या कागदावर लागला. काम कंपनीच्या मशीनवर, गणवेश कंपनीचा, टार्गेट कंपनीचं, हजेरी मात्र ठेकेदाराच्या रजिस्टरवर. सात महिने झाले आणि ब्रेक मिळाला. तीन आठवडे गावी काढले, परत आला तो दुसऱ्या ठेकेदाराच्या ओळखपत्रावर. मशीन तेच. पुन्हा ब्रेक, पुन्हा तिसरं कार्ड, या वेळी "ट्रेनी" म्हणून. मशीन तेच! पगारपत्रकावर रुजू होण्याची तारीख दर वेळी नवी. हा पोरगा त्या व्हीएमसीचा आवाज ऐकून टूल घासलंय का ते सांगतो. पण दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेला तेव्हा समोरच्यानं कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "तुमचा सलग अनुभव कुठंय? तुम्ही फार नोकऱ्या बदलता."

ब्रेक का देतात, हे गेटवरचा वॉचमनही सांगेल. वर्षात 240 दिवस भरले की कायम करण्याचा हक्क उभा राहतो, तो उभा राहू नये म्हणून. आधी "नीम" या केंद्राच्या प्रशिक्षण योजनेतले "नीम ट्रेनी" होते, मग "लर्न अँड अर्न" आलं, मधूनमधून ॲप्रेंटिस. नावं बदलली, तरी ज्या लाइनवर पूर्वी कायम कामगार होता, तिथं शिकाऊ म्हणून उत्पादन काढणारा माणूस उभा आहे. शिकवायला कुणी नाही, शिकलेलं लिहून द्यायलाही कुणी नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचं आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी द्यायची, असं त्यात म्हटलंय. कागदावर उत्तम. पण मला भीती वाटते ती ही, की आता 240 दिवसांच्या आधी मिळणारा ब्रेक आणि वर्ष भरायच्या आधी मिळणारा ब्रेक असे दोन हिशेब एचआरच्या एक्सेलमध्ये बसवले जातील. माझी भीती खोटी पाडा. मला आनंदच होईल.

सरकारी तिजोरीतून काय काय येतंय तेही बघू. 2024 च्या जुलैत राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीच जिला लोक "लाडका भाऊ" म्हणतात. बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने, पुढे ती वाढवून अकरा महिने केली. माझ्याकडची पोरं गेली. काही ग्रामपंचायतीत बसून दाखले टाइप करत होती, काही शाळेत, काही खासगी आस्थापनांत. मुदत संपली आणि घरी. मग हीच पोरं "कायम करा" म्हणत आंदोलनाला बसली. केंद्राच्या इंटर्नशिप योजनेत देशातल्या बड्या 500 कंपन्यांनी तरुणांना वर्षभर घ्यायचं आणि त्यांना महिना 5,000 मिळायचे, त्यातले 4,500 सरकारचे, असं ठरलं. पहिल्या फेरीत सव्वा लाखाच्या वर जागा दाखवल्या गेल्या, प्रत्यक्ष रुजू झाले ते नऊ हजारांच्या आत. यावर "पोरांनाच काम नको" असं तुमच्यातल्या एकानं मला ऐकवलं. साहेब, 5,000 रुपयांत परगावी राहून दाखवा. चाकणजवळ म्हाळुंगेत एका खोलीत सहा जण राहिले तरी भाडं, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून ती रक्कम पंधरवड्यात उडते. वर गावाकडून पैसे मागवावे लागतात. म्हणजे शेवटी शिकवणीचा खर्च आईच्या बचतगटाच्या कर्जातून.

आणि 1 ऑगस्ट 2025 पासून पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना सुरू आहे. पहिल्यांदा पीएफमध्ये नोंद होणाऱ्या कामगाराला दोन हप्त्यांत 15,000 रुपयांपर्यंत, आणि वाढीव माणूस घेणाऱ्या मालकाला माणशी महिना 3,000 रुपयांपर्यंत, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्राला चार वर्षं. यासाठी जवळजवळ एक लाख कोटींची तरतूद आहे. त्याआधी 2019 च्या सप्टेंबरात कंपनी कर 30 टक्क्यांवरून 22 वर आला, नव्या कारखान्यांना 15. पहिल्या वर्षाचा खर्च परवडत नाही, या म्हणण्याला एवढं सगळं मिळाल्यावर किती वजन उरतं?

मंदी आहे, ऑर्डरी नाहीत, निर्यातीचं काही खरं नाही, हे तुम्ही मला सांगता आणि मी ते खोटं मानत नाही. चाकणला शनिवारी शटडाऊन घेतला की त्याची बातमी माझ्यापर्यंत पोरांच्या स्टेटसवरून आधी येते. पण केंद्राच्याच 2024-25 च्या आर्थिक पाहणीत लिहिलंय, की 2023-24 मध्ये बड्या कंपन्यांचा नफा 22.3 टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या वाढल्या फक्त दीड टक्का. नफ्याचं देशाच्या उत्पन्नाशी असलेलं प्रमाण पंधरा वर्षांतलं सगळ्यात जास्त. हे कुणा कामगार पुढाऱ्याचं भाषण नाही, अर्थमंत्र्यांनी संसदेत मांडलेला कागद आहे. तेव्हा मंदी सगळ्यांना सारखी लागलेली नाही. भोसरीच्या दोन मशिनवाल्याला ती लागलीय. त्याच्याकडून पार्ट घेणाऱ्याला तितकी नाही.

या भोसरीवाल्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्या पोराला आजही खरं कुणी शिकवत असेल तर तोच. दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉप, मालक स्वतः एप्रन घालून मशीनवर. तो पोराला घेतो, शिव्या देतो, जॉब बिघडला की अर्धा दिवस बोलत नाही, पण शिकवतो. वर्षभरात पोरगा ड्रॉइंग वाचायला लागतो, सेटिंग करायला लागतो. आणि मग एका सकाळी येत नाही. शेजारच्या मोठ्या कंपनीनं तीन हजार जास्त दिलेले असतात, वर बस आणि कॅन्टीन. मालकाच्या तोंडचं वाक्य मला पाठ झालंय : "सर, मी काय फुकटची शाळा काढलीय का?" पुढच्या वर्षी तोही फोनवर "अनुभवी असेल तर पाठवा" म्हणतो. मी त्याला दोष देऊ शकत नाही. त्याचं बिल 45 दिवसांत चुकतं करावं असा कायदा 2006 पासून आहे, 2024 पासून ते थकवलं तर करात वजावट मिळत नाही, तरी पैशासाठी तो मोठ्या कंपनीच्या परचेस म्हणजे खरेदी विभागाच्या दारात उभाच असतो. त्याच्या खिशातून मोठ्या कंपनीचा ऑपरेटर तयार होतो.

यावर मोठ्यांना माझं थेट म्हणणं आहे. व्हेंडरकडचा, म्हणजे तुम्हाला पार्ट पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्याकडचा, तयार माणूस उचलायचा असेल तर उचला, पोराचं भलं होत असेल तर मी आडवा येणार नाही. पण त्याच्या शिकवणीचे पैसे व्हेंडरला द्या. ॲप्रेंटिस कायद्यानं 30 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेनं, कंत्राटी धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. बहुतेक जण अडीच टक्क्यांच्या रेघेवर पाय ठेवून उभे आहेत. तुमच्या कोट्यातली काही पोरं सहा महिने तुमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आणि सहा महिने तुमच्याच व्हेंडरच्या वर्कशॉपमध्ये फिरवा, विद्यावेतन तुमचं. तुमच्या संघटना दर वर्षी पंचतारांकित हॉटेलात स्किल गॅपवर परिषद भरवतात. त्या एका परिषदेच्या खर्चात भोसरीत दोन सेकंडहँड व्हीएमसी बसतील आणि वर्षभर पोरं शिकतील. मी गंमत करत नाहीये. जागा द्यायला तयार असलेला माणूस मला माहीत आहे.

आता त्या "फक्त 2025 पासआउट"बद्दल, कारण मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच कलम. सुगीच्या वर्षी पास झालेला पोरगा हुशार आणि दुष्काळाच्या वर्षी पास झालेला टाकाऊ, असं काही असतं का? 2020 च्या बॅचनं ते भोगलंय. कोविडमध्ये पास झाले, वर्षभर एकही कंपनी आली नाही, आणि 2021 ला कंपन्या आल्या तेव्हा म्हणाल्या, आम्हाला फक्त यंदाचे हवेत. त्यातले किती तरी आज गावाकडे मोबाइल रिपेअरिंग करतात, नाहीतर पुण्यात सदाशिव पेठेत सरकारी भरतीच्या तारखेकडे डोळे लावून बसलेत. घरची परिस्थिती म्हणून वर्षभर शेतात काम केलेला पोरगा, आईच्या आजारपणात घरी थांबलेली पोरगी, यांच्या बायोडेटावर तुमचा सॉफ्टवेअर लाल रेघ मारतो आणि माणसाच्या नजरेपर्यंत कागद जातच नाही. जाहिरातीतून हे एक कलम काढायला ना पैसे लागतात, ना मंजुरी.

तसंच "फक्त मुलं". आमच्या मेकॅनिकलला दर वर्षी मुली वाढतायत आणि मार्कांनी बहुतेक वेळा पुढे असतात. टाटा मोटर्सच्या इथल्याच कारखान्यात मोटारींची अख्खी असेंब्ली लाइन मुली चालवतात. त्यांना जमलं ते तुम्हाला न जमण्याचं कारण मला अजून कुणी सरळ सांगितलेलं नाही. बस आणि टॉयलेट, इतकंच निघतं शेवटी.

तिकडे आयटीत भरती आटली आहे, त्याचा दाब आमच्यावर येतो. डिग्रीचा इंजिनिअर आता डिप्लोमाच्या जागेसाठी येतो, डिप्लोमावाला आयटीआयच्या जागेवर, आणि आयटीआयवाला हेल्पर म्हणून गाड्या लोड करतो. भरलेल्या एसटीत पुढच्या दारातून माणसं चढत राहिली की मागच्या दारातला आपोआप खाली पडतो, तसं. तुम्हाला त्याच पगारात डिग्रीवाला मिळतो म्हणून तुम्ही खूश. सहा महिन्यांत तो कंटाळून सोडून जातो आणि तुम्हीच म्हणता, हल्लीची पोरं टिकत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या तरुणांची 2022 ची आकडेवारी आहे : निरक्षर तरुणांत बेकारी 3.4 टक्के, पदवीधरांत 29.1. न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो, हे त्यामागचं साधं कारण. पण गावाकडचा बाप हा हिशेब आपल्या पद्धतीनं करतो. धाकट्याला पॉलिटेक्निकला घालायला मी सांगायला गेलो, तेव्हा एकानं मला विचारलं, "थोरल्याचं काय झालं सर, शिकून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या ड्राइव्हबद्दलही एक शब्द. पंधरा कॉलेजांची पोरं एका ठिकाणी बोलवायची, चार तास उन्हात उभी करायची, बायोडेट्याचा गठ्ठा गोळा करायचा आणि "कळवू" म्हणून निघून जायचं, हे बंद करा. जागा चार असतील तर चार सांगा. नाही म्हणायचं असेल तर दोन ओळींचा मेल टाका. आमची पोरं नकार पचवतात. महिनोन्‌महिने फोन उशाशी घेऊन झोपणं मात्र त्यांना जड जातं. मूळ मार्कशीट आणि टीसी जमा करून घेणाऱ्या ठेकेदारांना तुम्ही गेटच्या आत घेऊ नका. बॉण्ड हवा असेल तर आधी शिकवायचं काय, किती आणि कोण, हे त्या बॉण्डमध्येच लिहा.

हे पत्र सरकारला का लिहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. लिहिणार आहे. कौशल्य विकास विभागाला विचारायचं आहे, की विद्यावेतन घेतलेल्या पोरांपैकी पुढे किती जणांना त्याच ठिकाणी पगारावर ठेवलं, हे आस्थापनेच्या नावानिशी जाहीर का करत नाही? ज्यानं शंभर शिकाऊ फिरवले आणि एकही ठेवला नाही, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा शंभर का? पण हे विचारण्याआधी तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही मनात आणलं तर यातल्या बऱ्याच गोष्टींना शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.

आता माझ्या बाजूनं. यंदापासून आमच्या प्लेसमेंट सेलचे काही नियम मी प्राचार्यांकडून सही करून घेतलेत. फ्रेशरच्या जागेला अनुभव मागणारी किंवा पासआउटचं वर्ष घालणारी जाहिरात आमच्या नोटीस बोर्डावर लागणार नाही. ठेकेदारामार्फत भरती असेल तर मूळ कंपनीचं पत्र सोबत लागेल : काम काय, मुदत किती, आणि मुदत संपल्यावर कोणत्या मशीनवर किती महिने काम केलं याचा दाखला कंपनीच्या लेटरहेडवर मिळेल, असं लिहिलेलं. ठेकेदार कितीही बदलले तरी दाखला एकच आणि सलग. हे ऐकून दोन कंपन्यांनी यंदा येणार नाही असं कळवलंय. भोसरीच्या तीन वर्कशॉपवाल्यांनी मात्र होकार दिलाय आणि त्यातल्या एकानं मुलीही चालतील म्हणून सांगितलंय.

अंतिम सत्राची परीक्षा उन्हाळ्यात संपते. त्यानंतरचा पहिला सोमवार आम्ही मुलाखतींसाठी मोकळा ठेवलाय. मागच्या तीन वर्षांत पास होऊन अजून घरी बसलेल्यांनाही त्या दिवशी बोलावलं आहे. त्यांची यादी वेगळी केलेली नाही. सेमिनार हॉल, दोन वर्गखोल्या आणि वर्कशॉप तुमच्यासाठी उघडं असेल. तोंडी परीक्षेपेक्षा पोरांना मशीनवर उभं करून बघा. कोण येणार ते आठवडाभर आधी कळवा, म्हणजे लेथला कूलंट भरून ठेवता येईल.

कळावे,
आपला नम्र,
एक ट्रेनिंग अँड प्लेसमेंट अधिकारी